कोहे काफ आणि बगदाद, टीव्हीच्या पडद्यावर

रमजान सरत आला. महिनाभर तरावीहनंतर, सहरीची वाट पाहत, कित्येक घरांतली तरुण मुले प्लेस्टेशन लावून बसली. वेळ वाया गेला असे म्हणण्याआधी ती काय खेळत होती, तेही पाहावे.

२०२३ सालच्या ‘असॅसिन्स क्रीड मिराज’मध्ये नवव्या शतकातले अब्बासी बगदाद आहे. खलिफा मन्सूर यांनी वसवलेले गोल शहर, गजबजलेले बाजार आणि बैतुल हिकमा. संवाद अरबीतूनही ऐकता येतात. फिरता फिरता त्या काळातील विद्या आणि व्यापाराची माहिती छोट्या टिपणांतून मिळते. कथा मात्र पातळ आहे. चोर बासिम मारेकरी होतो, पण त्याच्या कामगिऱ्या लवकरच एकसारख्या वाटू लागतात.

२०२४ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन’ खेळ म्हणून सरस. कोहे काफ आणि सीमुर्ग ही नावे उर्दू घरांना किस्से-कहाण्यांतून ओळखीची. इथले संवाद फारसीतही आहेत. सापळे अवघड, पण अडलेल्या जागेचे चित्र नकाशावर टिपून ठेवता येते.

अनेक युद्धखेळांत अरब शहर म्हणजे गोळ्या झाडण्याचे धुळकट मैदान असते. ‘मिराज’मध्येही रक्त सांडते, पण तिथे माणसे राहतात, शिकतात, सौदे करतात. मंगोलांनी १२५८ मध्ये उद्ध्वस्त केलेले बगदाद मुलांनी निदान पडद्यावर पाहिले. ईदीच्या पैशांत आता त्याच बगदादवरचे एखादे पुस्तकही घरी यावे.