मधुमेही भाविक, उपवास आणि दूरध्वनीवरील वैद्यकीय सल्ला



आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमाभागात अनेक मराठी कुटुंबे राहतात. खेड्यातून जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊन येण्यात मधुमेही वृद्धांचा सारा दिवस खर्ची पडतो. हा त्रास दूरध्वनीमुळे पुष्कळ हलका होऊ शकतो, म्हणून ही माहिती देत आहोत.

अविभक्त आंध्र प्रदेशात २००७ साली १०४ क्रमांकावर आरोग्यसल्ल्याची सेवा सुरू झाली होती. पुढे २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरवैद्यकाची नियमावली प्रसिद्ध केली व एप्रिल २०२० मध्ये 'ई-संजीवनी'वर घरबसल्या सल्ला मिळू लागला. भ्रमणध्वनी क्रमांकाची नोंद केली की डॉक्टर पडद्यावर भेटतात व औषधचिठ्ठीही मिळते.

मात्र डॉक्टरांना दुरून निर्णय घ्यावयाचा, तर आपली नोंद हवी. एका वहीत तारीख, उपाशीपोटीची व जेवणानंतर दोन तासांची साखर, घेतलेले औषध व त्याची मात्रा लिहावी. आजोबांना तेलुगू व डॉक्टरांना मराठी येत नसले, तरी आकडे दोघांनाही कळतात. तपासणीयंत्र कसे वापरावे हे घरातील एका तरुणाने शिकून घ्यावे.

एकादशीचा उपवास धरण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे. गोळी वा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेऊन पोट रिकामे ठेवल्यास साखर धोकादायक उतरते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे होत. त्यास उपवासाचा थकवा समजू नये. साखर ७० च्या खाली असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा देऊ नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर कळवावे.

दूरध्वनीस मर्यादा आहेत. पायाची जखम, डोळ्यांचा पडदा व मूत्रपिंड यांची तपासणी प्रत्यक्षच व्हावी लागते. पायांची संवेदना मंदावलेल्या भाविकांनी उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नये. चटका बसलेला कळतही नाही.

उपवास मोडावा लागला म्हणून मनास लावून घेऊ नये. देह सांभाळणे हीदेखील सेवाच आहे, अशी आमची नम्र धारणा आहे.