वर चढणाऱ्या हवेच्या नोंदी

हवामान वेधशाळा वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजते तेव्हा ती बहुधा जमिनीला समांतर वाहणाऱ्या वाऱ्याचीच दखल घेते; एखाद्या ठिकाणची हवा वर चढत आहे की खाली उतरत आहे, हे सांगणारे साधन नेहमीच्या वेधशाळेत नसते. वरच्या थरांतील तापमान, आर्द्रता आणि दाब मोजण्यासाठी रेडिओसाँड नावाचे उपकरण फुग्याला बांधून दिवसातून दोनदा, भारतात पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, सोडले जाते. परंतु तो फुगा स्वतःच सेकंदाला सुमारे ५ मीटर वेगाने वर जात असल्याने सेकंदाला एक-दोन मीटर चढणारी हवा त्याच्या नोंदीत वेगळी ओळखू येत नाही, आणि ही हवा सर्वांत जोमदार असते ती भर दुपारची वेळ तर दोन फुग्यांच्या मधोमध निसटून जाते. इंजिन नसलेले विमान, म्हणजे ग्लायडर, मात्र नेमके याच हवेवर तगून राहते. आधुनिक ग्लायडर स्थिर हवेत सेकंदाला साधारण अर्धा ते पाऊण मीटर खाली येते. भोवतालची हवा त्याहून वेगाने चढत असेल तर ते उंची मिळवते, नाहीतर वैमानिकाला उतरण्यासाठी शेत शोधावे लागते. ऊर्ध्व प्रवाहांविषयीच्या ज्ञानाचा मोठा वाटा म्हणूनच ग्लायडर वैमानिकांच्या एकत्र केलेल्या निरीक्षणांतून आला, आणि ती निरीक्षणे सांगावीत की स्वतःपाशी ठेवावीत, हा प्रश्न या इतिहासाला पहिल्यापासून चिकटलेला आहे.

वैमानिक ज्याला थर्मल म्हणतात तो प्रवाह जमीन असमान तापल्यामुळे निर्माण होतो. नांगरलेले कोरडे शेत, खडकाळ माळ किंवा गावाची छपरे शेजारच्या ओल्या पिकापेक्षा लवकर तापतात, त्यांच्यावरची हवा हलकी होऊन वर निघते आणि वर दाब कमी असल्याने प्रसरण पावत दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश सेल्सिअसने थंड होत जाते. रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर साचून त्यावर उबदार हवा राहते. या स्थितीला तापमानाची विपरीतता म्हणतात, आणि उन्हाने हा थर मोडेपर्यंत सकाळचे थर्मल फार वर पोचत नाहीत. पुढे हवा पुरेशी थंड झाली की तिच्यातील बाष्पाचा राशी मेघ, म्हणजे सपाट तळाचा आणि कापसासारख्या माथ्याचा ढग, तयार होतो. जमिनीवरील तापमान आणि दवबिंदू तापमान, म्हणजे ज्या तापमानाला हवा बाष्पाने संपृक्त होते ते तापमान, यांच्यातील दर अंश फरकामागे या ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर उंच जातो, असा ठोकताळा आहे. तापमान ३४ आणि दवबिंदू १४ अंश असेल तर तळ अडीच हजार मीटरांच्या आसपास सापडतो. हे गणित थर्मल किती उंच जाईल ते सांगते. तो कोठे, किती वाजता आणि किती जोमाने निघेल याचे उत्तर मात्र प्रत्यक्ष तेथे उडणाऱ्यालाच मिळते.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीतील इंजिनाच्या विमानांवर कडक निर्बंध आले, तेव्हा विमानविद्येच्या हौशी मंडळींनी र्‍होन पर्वतातील ९५० मीटर उंचीच्या वासरकुप्पे या डोंगराकडे मोर्चा वळवला आणि ऑस्कर उर्सिनुस यांच्या पुढाकाराने १९२० पासून तेथे दर वर्षी ग्लायडिंगच्या स्पर्धा भरू लागल्या. आरंभीची उड्डाणे उतारावर आपटून वर वळणाऱ्या वाऱ्याच्या आधाराने होत, म्हणून ग्लायडरला डोंगराची साथ सोडता येत नसे. ऑगस्ट १९२६ मध्ये माक्स केगेल हा वैमानिक वादळी ढगात ओढला गेला आणि सुमारे ५५ किलोमीटर अंतरावर सुखरूप उतरला. ढगाखालची हवा ग्लायडरला उचलून दूर नेऊ शकते, हे त्यामुळे सर्वांना दिसले. तो प्रसंग केवळ धाडसाच्या गोष्टीत विरला नाही, याचे श्रेय हवामानशास्त्रज्ञ वॉल्टर गेऑर्गी यांना द्यावे लागेल, कारण वैमानिकांचे अनुभव गोळा करून साध्या राशी मेघांखालीही असा आधार मिळतो का याचा शोध त्यांनी पद्धतशीरपणे घेतला. रोबेर्ट क्रोनफेल्ड याने पुढे ढगामागून ढग गाठत १९२९ साली शंभर किलोमीटरचा टप्पा ओलांडला.

क्रोनफेल्डच्या यशामागे व्हेरिओमीटर हे उपकरण होते. हवेच्या दाबातील सूक्ष्म बदलावरून विमान किती वेगाने चढत वा उतरत आहे ते दाखवणारे हे साधन फुगेवाल्यांच्या वापरात आधीपासून होते, पण ग्लायडरमध्ये ते बसवल्याची गोष्ट त्याने काही काळ गुप्त ठेवली. स्पर्धकाच्या बाजूने हे समजण्यासारखे आहे. मात्र शास्त्राची प्रगती त्या गुपिताने झाली नाही, ते फुटल्यावर झाली. काटा प्रत्येक ग्लायडरमध्ये आल्यानंतरच एकाच्या चढाईची दुसऱ्याच्या चढाईशी तुलना शक्य झाली. १९३० साली अमेरिकेतील एल्मायरा येथे वोल्फ हिर्थ याने ढगांचा मागमूस नसलेल्या आकाशात केवळ या काट्याकडे पाहून घिरट्या घेत उंची मिळवली, आणि थर्मलला ढगाची खूण असलीच पाहिजे ही समजूत मागे पडली.

सामूहिक निरीक्षणाचे सर्वांत नमुनेदार उदाहरण मात्र थर्मलचे नसून पर्वतलहरींचे आहे. डोंगररांग ओलांडलेला वारा स्थिर थरांत पलीकडच्या बाजूला वरखाली हेलकावत राहतो, आणि त्या लहरींच्या चढत्या भागात ग्लायडर डोंगराच्या कित्येक पट उंच जाऊ शकते. सायलेशियातील रीझेनगेबिर्गे पर्वताच्या पायथ्याशी ग्रुनाऊ येथे १९३३ साली हिर्थ आणि त्याच्या सहकाऱ्याला अशी लहर सापडली. तिच्यावर उभा राहणारा ढग तेथील रहिवाशांच्या पूर्वीपासून परिचयाचा होता आणि एका शेतकऱ्याच्या नावावरून त्याला मोआझागोटल म्हणत. योआखिम क्युटनर या तरुण संशोधकाने १९३७ साली ग्रुनाऊला जमलेल्या वीसहून अधिक ग्लायडरांतील बॅरोग्राफ, म्हणजे उंचीची रेषा कागदावर काढत जाणारी उपकरणे, एकत्र करून त्या आलेखांवरून लहरीचा आकार मांडला. ढगाखाली वाऱ्याचा जोर कितीही असला तरी लहर आणि ढग जागच्या जागी स्थिर असतात, हे एका वैमानिकाच्या आलेखावरून कळण्यासारखे नव्हते. क्युटनर यांनीच पुढे १९५१-५२ मध्ये कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताच्या लहरींवरील प्रकल्पात महत्त्वाचे काम केले, तर २००३ साली क्लाउस ओलमान यांनी अर्जेंटिनातील अँडीजच्या लहरींवर एका दिवसात ३,००९ किलोमीटर अंतर कापले.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, ओस्टिव्ह ही ग्लायडिंगच्या शास्त्रीय व तांत्रिक अंगांचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. त्याच काळात थर्मल हा सलग खांब आहे की सुटा बुडबुडा, असा वाद रंगला. वर घिरट्या घेणाऱ्या ग्लायडरच्या बरोबर खाली पोचलेल्या वैमानिकाला काहीच सापडत नाही, हा वारंवार सांगितला जाणारा अनुभव बुडबुड्याच्या बाजूने होता, तर दुपारभर एकाच जागेवरून मिळणारी चढण खांबाच्या बाजूने. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात रिचर्ड स्कोरर आणि फ्रँक लडलम यांनी १९५३ साली बुडबुड्याचा सिद्धांत मांडला, आणि स्वतः निष्णात ग्लायडर वैमानिक असलेल्या बेट्सी वुडवर्ड यांनी पाण्याच्या टाकीत प्रयोग करून अशा सुट्या राशीच्या गाभ्यातील प्रवाह कडांपेक्षा वेगळा कसा वाहतो ते दाखवले. आज दोन्ही बाजूंना आपापल्या ठिकाणी खरे मानले जाते, आणि हवामानातील बऱ्याच वादांचा शेवट असाच होतो.

या नोंदींत एक जुनी खोट आहे. वैमानिक थर्मलचा जोर सांगतो तेव्हा त्याच्या लक्षात काट्याची कमाल झेप राहिलेली असते. थर्मलचा मध्य शोधण्यात गेलेला वेळ, मधले निसटणे आणि माथ्याजवळ मंदावलेली चढण धरून काढलेली सरासरी त्याहून बरीच कमी भरते. पॉल मॅक्रेडी यांनी व्हेरिओमीटरभोवती फिरती कडी बसवून, पुढच्या थर्मलमध्ये अपेक्षित असलेल्या चढाईनुसार दोन थर्मलांमधले अंतर किती वेगाने कापावे हे ठरवण्याची रीत रूढ केली, आणि १९५६ साली ते जगज्जेतेही झाले. त्या रीतीत खोटा आशावाद लगेच महाग पडतो, कारण फाजील वेगाने निघालेले ग्लायडर पुढच्या थर्मलपर्यंत पोचण्याआधीच फार खाली आलेले असते. स्पर्धेच्या दिवशी आधी सोडल्या जाणाऱ्या ग्लायडरला, म्हणजे स्निफरला, हवा कशी आहे ते रेडिओवरून कळवण्याचे काम असते, आणि त्याच्याकडूनही सरासरीच मागितली जाते. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून उपग्रहांच्या साहाय्याने दर काही सेकंदांना स्थान आणि उंची नोंदवणारी उपकरणे सर्वमान्य झाल्यावर आठवणीवरचे अवलंबित्व संपले. घिरट्यांच्या सरकण्यावरून वाऱ्याचा वेगही काढता येऊ लागला. तरीही हजारो उड्डाणांचे आलेख एकावर एक ठेवून काढलेले थर्मलचे नकाशे जपूनच वाचावे लागतात, कारण वैमानिक चांगल्या दिवशीच उडतात आणि नेहमीच्या वाटेनेच जातात. नकाशावरची कोरी जागा तेथे थर्मल नसल्याचा पुरावा ठरत नाही.

भारतात या निरीक्षणांची सुरुवात ग्लायडरच्या आधी पक्ष्यांपासून झाली. आग्र्याला सरकारी रसायन परीक्षक असलेले आणि गंगा-यमुनेच्या पाण्यातील जंतुनाशक गुणाच्या १८९६ मधील शोधनिबंधामुळे ओळखले जाणारे अर्नेस्ट हँकिन यांनी घारी आणि गिधाडे सकाळी किती वाजता पंख न हलवता घिरट्या घेऊ लागतात याच्या नोंदी ठेवल्या आणि १९१३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. वजनाच्या मानाने पंख मोठे असलेली घार आधी वर जाते आणि जड गिधाडे मागाहून, हा क्रम त्यांनी अचूक टिपला. चढणाऱ्या हवेचे साधे स्पष्टीकरण मात्र त्यांना पटले नाही. निरीक्षण खरे आणि उपपत्ती चुकीची, असे असूनही तो ग्रंथ आज वाचनीय राहिला आहे, तो नोंदींच्या काटेकोरपणामुळे. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनीही पक्ष्यांच्या या उड्डाणाचा हवामानाच्या अंगाने विचार केला. १९५० साली पुण्याजवळ हडपसर येथे केंद्र सरकारचे ग्लायडिंग केंद्र सुरू झाले आणि दख्खनच्या पठारावरील उन्हाळी थर्मल महाराष्ट्रातील शिकाऊ वैमानिकांच्या परिचयाचे झाले.

हँकिन यांच्या नोंदींची पुनरावृत्ती करण्यास विमान लागत नाही, घड्याळ आणि वही पुरते. गिधाडांपुरते ते आता अवघड आहे, कारण गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे १९९० च्या दशकापासून त्यांची संख्या कमालीची घटली आणि २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली. घारी मात्र प्रत्येक शहरावर आहेत. पक्षिनिरीक्षकांनी त्यांच्या संख्येबरोबर पहिल्या घिरटीची वेळ, त्या वेळचे तापमान आणि आकाशाची स्थिती एवढ्या तीन गोष्टी लिहून ठेवल्या आणि त्या एकमेकांस दिल्या, तर आपल्या शहरावरची हवा कोणत्या महिन्यात किती वाजता चढू लागते, हे सांगता येईल.