शेगावच्या केसगळतीचं गणित

डिसेंबर २०२४च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड अशा गावांत माणसांचे केस हातात येऊ लागले. आधी खाज, मग तीन-चार दिवसांत टक्कल. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद दिली आणि रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं.

मग २७९ हा आकडा मोठा की लहान? नुसत्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. ५०० वस्तीच्या गावात ५० रुग्ण म्हणजे १० टक्के. ५,००० वस्तीत तेवढेच रुग्ण म्हणजे १ टक्का. ठरावीक वेळी, ठरावीक लोकसंख्येत, आजार असलेल्यांचं हे प्रमाण म्हणजे प्रिव्हलन्स. नव्याने आजारी पडणाऱ्यांचा हिशेब वेगळा, तो इन्सिडन्स.

खरी कसोटी पुढेच. रुग्ण कुणाला म्हणायचं? चार केस कंगव्यात आले तोही, की टाळूवर चट्टा पडलेलाच? शिबिरात आलेले मोजले, तर लाजेनं डोक्यावरचा पदर न काढणारी बाई सुटते. म्हणून घरोघर जायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

तारीखही हवीच. काही आठवड्यांत अनेकांचे केस परत उगवू लागले. त्यामुळे जानेवारीतला एक दिवस धरला तर एक उत्तर, मार्चमधला धरला तर दुसरं. साथीत एकूण किती जणांना झळ बसली, हा प्रश्न त्याहून निराळा. त्यासाठी बरे झालेलेही मोजावे लागतात.