चुन्याने डोळा भाजला तर नवा कॉर्निया बसवूनही दृष्टी का येत नाही? किरणोत्सर्गी खुणेने उलगडलं कोडं

तंबाखूसोबतची चुन्याची पुडी घरात पडलेली असते. लहान मूल ती दाबतं, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. भारतात मुलांच्या डोळ्यांना होणाऱ्या रासायनिक इजांचं हे एक प्रमुख कारण आहे. इजा गंभीर असेल, तर नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवूनही तो अनेकदा पुन्हा गढूळ होतो. असं का होतं? समजून घेऊया.

रोज झिजणारा पडदा

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्या सर्वांत वरच्या आवरणात पेशींचे पाच ते सात थर असतात. या पेशी सतत गळतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. प्रश्न होता, या नव्या पेशी येतात कुठून?

पेशींचा माग कसा काढला?

पेशी विभागण्याआधी आपल्या डीएनएची प्रत तयार करते. त्यासाठी थायमिडीन हा घटक लागतो. आरएनए बनवताना तो लागत नाही. त्यामुळे थायमिडीनवर खूण केली, की नवा डीएनए नेमका कुठे बनतोय ते कळतं.

ही खूण म्हणजे ट्रिशियम, हायड्रोजनचं किरणोत्सर्गी रूप. त्याचे किरण ऊतीत जेमतेम काही मायक्रोमीटर जातात. ऊतीच्या पातळ कापावर फोटोच्या फिल्मसारखा लेप देऊन तो अंधारात ठेवला, की खूण असलेल्या पेशीच्या केंद्रकावरच काळे ठिपके उमटतात. १९६० मध्ये हॅना आणि ओब्रायन यांनी याच पद्धतीने कॉर्नियाच्या तळाच्या थरातल्या पेशी विभागून वर सरकतात, हे दाखवलं.

१९८९ चा निर्णायक प्रयोग

पेशी विभागली की खूण दोन पेशींत वाटली जाते. म्हणजे भराभर विभागणाऱ्या पेशींतली खूण लवकर पुसट होते आणि संथपणे विभागणाऱ्या पेशींत ती टिकते. संथ विभागणी ही मूळ पेशींची, म्हणजे स्टेम सेलची एक ओळख.

कॉटसारेलिस, सन, लावकर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना बराच काळ हे थायमिडीन दिलं आणि मग काही आठवडे वाट पाहिली. कॉर्नियाच्या मध्यभागी खूण उरली नव्हती. ती टिकली होती लिंबसमध्ये, म्हणजे कॉर्निया आणि डोळ्याचा पांढरा भाग जिथे मिळतात त्या कडेला.

रुग्णाला याचा उपयोग काय?

चुन्याने ही कडच जळते. मग नव्या कॉर्नियाला पेशी पुरवणारं कुणी उरत नाही. म्हणून आता आधी लिंबसच्या पेशी रोवल्या जातात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतील डॉक्टरांनी २०१२ मध्ये यासाठी सोपी पद्धत मांडली. निरोगी डोळ्यातून लिंबसचा अगदी छोटा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि इजा झालेल्या डोळ्यावर गर्भवेष्टनाचा पातळ पडदा बसवून त्यावर ते पसरायचे. पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचा खर्च वाचतो.

चुना डोळ्यात गेला तर?

डोळा चोळू नका. लगेच स्वच्छ पाण्याने किमान १५ ते ३० मिनिटं धुवा आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. कड वाचली, तर डोळा सावरण्याची शक्यता वाढते.