मालप्याच्या अंजनीबाई

पेडणे तालुक्यातील मालपे गाव पणजी-मुंबई हमरस्त्यावर आहे. अंजनीबाई मालपेकर मूळच्या इथल्या. जन्म 1883, भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँ यांच्याकडे तालीम, 1958 साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर त्यांच्याकडे शिकले, पण शिष्यांची नावे घराघरांत पोचली आणि गुरूचे नाव जाणकारांपुरते उरले. अशा बाईचे स्मरण पुतळ्याने कसे होणार? तिचे काम गळ्यातले. ते बंदिशीतून ऐकवावे आणि मधल्या निवेदनातून तिचे आयुष्य सांगावे, हेच रास्त. पेडणे-डिचोलीच्या बायकांना हे नवे नाही. पौषात मांडावर बायकांचा ढालो हा नाचगाण्याचा खेळ रंगतो तेव्हा गाणे आणि गोष्ट एकत्रच चालतात.

यावर आक्षेप असा, की गाण्याच्या ओघात इतिहासाची आख्यायिका होते. धोका खराच आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: अंजनीबाईंसारख्या कलावंतीण समाजातल्या स्त्रियांचा गौरव करताना त्यांना भोगावी लागलेली अवहेलना झाकली जाते. म्हणूनच निवेदकाने साल, गुरू आणि समाजाने दिलेली वागणूक, तिन्ही सांगितली पाहिजेत. टाळ्यांपुरते कौतुक मात्र नको. पणजीत कांपालच्या कला अकादमीत असे कार्यक्रम जरूर व्हावेत. पण पहिला मालप्यात, गावच्या मुलींसमोर व्हावा.