पायथनच्या पेटीत काय ठेवायचं?

प्रातिनिधिक कवितासंग्रह हातात आला की आपण आधी अनुक्रमणिका बघतो आणि मग भांडतो. हा का घेतला, ती का राहिली? संगणकाच्या जगातही असंच एक संपादन सतत चालू असतं. ते कसं चालतं हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही कळायला हवं, कारण त्याचे परिणाम आपल्या मराठीपर्यंत येतात. कसे, ते पुढे सांगते.

पायथन ही भाषा फुकट मिळते. पण तिच्यात मशीन लर्निंग करायचं, म्हणजे भरपूर उदाहरणं देऊन संगणकाला त्यातले नमुने ओळखायला शिकवायचं, तर इतरांनी लिहिलेल्या लायब्ररी लागतात. त्या एकेक करून उतरवता येतात. किंवा कुणीतरी निवडून, एकमेकींशी जुळवून, एकाच पेटीत भरून दिलेल्या घेता येतात. अशा पेटीला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव अ‍ॅनाकोंडा. ट्रॅव्हिस ऑलिफंट आणि पीटर वांग यांनी २०१२ मध्ये काढलेल्या कंपनीची ही पेटी. या लायब्ररींच्या पोटात सी आणि फोरट्रानसारख्या भाषांतला मजकूर असतो आणि तो आधी यंत्राला समजेल अशा रूपात बदलावा लागतो. साध्या विंडोज लॅपटॉपवर त्या काळी हे करणं म्हणजे डोकेदुखी होती. पेटीवाल्यांनी ती आपल्या डोक्यावर घेतली.

आता गंमत अशी की संग्रहातल्या कविता एकमेकींशी भांडत नाहीत, लायब्ररी भांडतात. बहुतेकींचा पाया म्हणजे नमपाय, आकड्यांचे मोठे तक्ते हाताळणारी लायब्ररी. जून २०२४ मध्ये तिची २.० आवृत्ती आली आणि जुन्या नमपायवर बांधलेल्या कित्येक लायब्ररी नव्या पायावर चालेनात. त्या पुन्हा बांधाव्या लागल्या. अशा वेळी पेटीवाल्याने काय करायचं? सगळ्यांना जुन्यावरच थांबवायचं, की नवं आणून जे तयार नाहीत त्यांना दाराबाहेर ठेवायचं? एकेक लायब्ररी कितीही गुणी असली तरी बाकीच्यांशी तिचं जमत नसेल तर तिला जागा मिळत नाही.

काही निवडी मात्र सोप्या असतात. सायकिट-लर्नचंच घ्या. २००७ मध्ये डेव्हिड कूर्नापो यांनी गुगलच्या उन्हाळी उपक्रमात ती सुरू केली, पहिली जाहीर आवृत्ती २०१० मध्ये आली. साध्या प्रोसेसरवर चालते, परवाना मोकळा, आणि खाली लागणाऱ्या नमपाय-सायपाय धरूनसुद्धा उतरवायला शंभर एमबीच्या आत. तिच्याबद्दल सहसा कुणी वाद घालत नाही.

वाद सुरू होतो तो पायटॉर्च आणि टेन्सरफ्लोपाशी. आजचा एआय ज्यावर उभा आहे त्या या लायब्ररी. मग त्या पेटीत नकोत का? अडचण अशी की त्यांचा खरा वेग ग्राफिक्स कार्डावर मिळतो, आणि कार्ड प्रत्येकाचं वेगळं. एनव्हिडियाच्या कार्डासाठी लागणाऱ्या क्यूडाच्या फायली धरल्या तर पायटॉर्चचा पसारा दोन जीबीच्या पुढे जातो. टेन्सरफ्लोने तर २.१० नंतर विंडोजवर थेट कार्ड वापरण्याची सोयच काढून टाकली. शिवाय क्यूडाचा परवाना एनव्हिडियाच्या हातात, म्हणजे वाटण्याआधी तोही वाचायला हवा. माझं मत विचाराल तर या दोघी पेटीबाहेर बऱ्या. आत फक्त एक स्पष्ट चिठ्ठी असावी: तुमचं कार्ड हे असेल तर हे उतरवा, ते असेल तर ते. होस्टेलवर मोबाइलच्या डेटावर दिवस काढणाऱ्या मुलीच्या माथी कधीही न वापरायचे दोन जीबी मारण्यात काय अर्थ आहे? ब्राउझरमध्येच पायथन चालवणारा पायोडाइड, जो २०१८ मध्ये मोझिलात सुरू झाला, तोही सायकिट-लर्न देतो, पायटॉर्च देत नाही. त्याचं काही अडलेलं दिसत नाही.

घेतलेलं काढणं हे तर आणखी जड. माँट्रियल विद्यापीठाची थियानो ही एके काळची लाडकी लायब्ररी. २०१७ मध्ये तिच्या कर्त्यांनी जाहीर केलं की १.० नंतर आम्ही हिचं काम थांबवतो. पेटीत ती असेल तर ठेवणं म्हणजे पडीक घर सांभाळणं आणि काढणं म्हणजे तिच्यावर लिहिलेले लोकांचे प्रोग्रॅम मोडणं. खुद्द पायथनने आपल्या अंगभूत सामानातले १९ जुने भाग २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत काढले, तेही दोन वर्षं आधी इशारा देऊन.

आता मराठीकडे येते. सायकिट-लर्नमध्ये शब्द मोजणारं एक साधन आहे, काउंटव्हेक्टरायझर. त्याला आपल्या मंडळाच्या जुन्या अंकातली एखादी कविता द्या आणि कुठले शब्द निघाले ते बघा. ‘मराठी’चं होतं ‘मर’. ‘पाऊस’ जातो आणि बाहेर येतो ‘ऊस’! कारण साधं आहे. शब्द कुठे संपतो हे ठरवायला ते पायथनच्या अंगभूत साधनावर अवलंबून असतं, आणि ते साधन काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना अक्षरांत धरत नाही. काना आला की शब्द तुटला. वर एकाक्षरी तुकडे टाकून द्यायचे असाही नियम, त्यामुळे ‘प’ गेला, ‘ठ’ गेला. प्रोग्रॅम कुठेही अडत नाही, चूक दाखवत नाही, तक्ता छान छापून देतो. म्हणून तर भीती वाटते. एखाद्याने यावर अख्खा प्रकल्प लिहिला तरी कळायचं नाही.

उपाय एक एमबीहूनही लहान आहे. रेजेक्स नावाची लायब्ररी मात्रांना अक्षरांसोबत धरते. एनएलटीके ही भाषेची लायब्ररी पेटीत घेतली की तिच्या ओळखीने ही आपोआप आत येते. नुसती येऊन मात्र भागत नाही. शब्द तोडण्याचं काम सायकिट-लर्नकडून काढून रेजेक्सकडे द्यायला लागतं, आणि ते दोन ओळींत होतं. पण ज्याला हे माहीत नाही, आणि लॅबमध्ये इंटरनेटही नाही, त्याच्यापुढे पेटीत जे आहे तेवढंच जग.

पेटी भरून झाली की ती नीट चालते का हे बघायला काही नमुन्याची वाक्यं चालवतात. ती बहुतेक इंग्रजी असतात. आपल्या कॉलेजच्या लॅबसाठी पुढच्या वर्षी कुणी अशी पेटी भरणार असेल तर त्या यादीत ‘पाऊस’ एवढा एक शब्द घाला. ऊस निघाला, तर पेटी अजून बंद करू नका.