बोर्ड म्हणतो ‘थांबा’, गाडी म्हणते ‘टाटा’!

गल्लीतल्या भन्नाट ट्रॅफिकला लगाम कसा घालायचा? कॉर्नरला लाल बोर्ड ठोकून काम भागतं, की प्रॉब्लेम बोर्डाचा नाहीच? जरा थांबून बघूया...

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एरवी गुड मॉर्निंगच्या फुलांशिवाय काही येत नाही. पण एखाद्या दिवशी कॉर्नरला एखादी बाइक शाळेतून येणाऱ्या पोराला घासून जाते आणि ग्रुप पेटतो. ‘किती रेमटवतात हे लोक!’ ‘वॉर्ड ऑफिसला अर्ज देऊ.’ ‘स्पीडब्रेकर टाका.’ ‘नको, त्याने माझी कंबर जाते. त्यापेक्षा कॉर्नरला स्टॉपचा बोर्ड लावा. अमेरिकेत माझ्या भाच्याच्या गल्लीत चारही बाजूंना आहेत.’ झालं, सगळ्यांचे अंगठे वर!

आयडिया झकास आहे. स्वस्त आणि मस्त. एक खांब, एक पत्रा, लाल रंग. प्रश्न एवढाच, की बोर्ड लावला म्हणून गाड्या खरंच हळू होतात का?

आठ कोनांची गोष्ट

स्टॉपचा पहिला बोर्ड लागला तो १९१५ मध्ये, अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये. म्हणजे जिथे गाड्या बनत होत्या तिथेच गाड्या थांबवायची वेळ आधी आली! तेव्हा तो लाल नव्हता. पांढऱ्या चौकोनावर काळी अक्षरं, बस्स. १९२३ मध्ये त्याला आठ कोन मिळाले. त्यामागचा फंडा मजेदार होता: जितके कोन जास्त, तितका धोका मोठा. रेल्वे क्रॉसिंगला गोल बोर्ड, कारण गोलाला कोन मोजताच येत नाहीत. त्याच्या खालोखाल अष्टकोन. आणखी एक फायदा म्हणजे हा बोर्ड मागूनही ओळखता येतो. लाल रंग आला तो थेट १९५४ मध्ये.

आपल्याकडेही इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत स्टॉपचा बोर्ड तसाच आहे, लाल अष्टकोन आणि पांढरी अक्षरं. फक्त मराठीत ‘थांबा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी एसटी येते, ही गोष्ट वेगळी!

भाच्याच्या गल्लीत काय चालतं?

ज्यांचा कुणी मित्र किंवा चुलत बहीण अमेरिकेत आहे, त्यांनी ‘फोर-वे स्टॉप’चं कौतुक ऐकलेलं असतं. चौकात ना सिग्नल, ना पोलीस. जो आधी येऊन थांबेल तो आधी निघणार. दोघं एकदम आले तर उजवीकडचा आधी. पुण्या-मुंबईत गाडी शिकलेल्या आपल्या माणसाला हे परीकथेसारखंच वाटतं.

पण गंमत बघा. अमेरिकेत रस्त्यांवरच्या बोर्डांसाठी एक राष्ट्रीय मॅन्युअल आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय, की वेग कमी करण्यासाठी स्टॉपचा बोर्ड वापरू नये. त्या मॅन्युअलच्या २००९ च्या आवृत्तीनुसार चारही बाजूंना बोर्ड लावायचे तर कारण दाखवावं लागतं. उदाहरणार्थ, १२ महिन्यांत असे पाच तरी अपघात, जे या बोर्डांमुळे टळले असते. किंवा मोठ्या रस्त्यावर दिवसातले आठ तास, तासाला सरासरी ३०० गाड्या आणि छोट्या रस्त्यावरही तशीच भरपूर वर्दळ. ‘आमच्या गल्लीत फार जोरात जातात हो’ हे कारण तिथे चालत नाही.

असं का? कारण स्टॉपचा बोर्ड सांगतो, आधी कोण जाणार. किती वेगाने जाणार, हे त्याचं खातंच नाही. जिथे समोरून कुणी येतच नाही तिथे रोज थांबायला लावलं, तर माणूस चार दिवस थांबतो, पाचव्या दिवशी नुसता ब्रेकला पाय लावतो आणि सहाव्या दिवशी तेही सोडून देतो. या अर्धवट थांबण्याला तिकडे ‘रोलिंग स्टॉप’ म्हणतात. शिवाय जो थांबतो तो वाया गेलेला वेळ भरून काढायला पुढच्या बोर्डापर्यंत अॅक्सिलरेटर पिळतो. म्हणजे बोर्डाच्या आसपास वेग कमी, आणि दोन बोर्डांच्या मध्ये, जिथे पोरं क्रिकेट खेळतात तिथे पुन्हा जैसे थे. सगळ्यात वाईट भाग हा, की बोर्ड आहे म्हणजे गाडी थांबणारच, असं लहान मूल धरून चालतं. गाडीवाला मात्र तसं धरत नाही.

मग बोर्ड बिनकामाचा का? अजिबात नाही. फिलाडेल्फिया शहरात १९९ चौकांतले सिग्नल काढून त्यांच्या जागी प्रत्येक बाजूला स्टॉपचे बोर्ड लावले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथले अपघात सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाले. थोडक्यात काय, तर योग्य चौकात बोर्ड जीव वाचवतो. पण चौकाचं औषध गल्लीला लागू पडत नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे कायदा कडक नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याला हे वाचून दाखवा. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून कलम १८४ मध्ये ‘धोकादायक ड्रायव्हिंग’ म्हणजे काय याची यादीच दिलेली आहे. सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून चालवणं आणि त्याच रांगेत स्टॉपचा बोर्ड न पाळणं! पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. आता बोला!

तरीही स्टॉपच्या बोर्डासमोर पूर्ण थांबलेली गाडी तुम्ही शेवटची कधी पाहिलीत? थांबलाच कुणी, तर मागचा हॉर्नवरून हात काढत नाही. चौकात सिग्नल नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा साधा नियमही लर्निंग लायसन्सच्या परीक्षेनंतर डोक्यातून उडून जातो. आपण बोर्डाकडे बघून नाही, मामांकडे बघून थांबतो. आणि गल्लीबोळाच्या प्रत्येक कॉर्नरला मामा उभा करणं कुठल्याच शहराला परवडणारं नाही.

म्हणून मग आपला आवडता उपाय येतो: स्पीडब्रेकर. रातोरात टाकलेलं, रंग नसलेलं, डांबराचं टेंगूळ. खरं तर इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्येच त्याचं माप ठरवून दिलंय. रुंदी ३.७ मीटर, उंची फक्त १० सेंटिमीटर, वर काळे-पांढरे पट्टे आणि अलीकडे सूचनेचा बोर्ड. अशा स्पीडब्रेकरवरून २५ च्या वेगाने गेलात तर गाडी अलगद पार होते, आणि जोरात गेलात तरच दणका बसतो. आपल्या गल्लीतलं टेंगूळ मात्र हळू जाणाऱ्या आजोबांच्या स्कूटरलाही तेवढंच उडवतं. म्हणजे शिक्षा सगळ्यांना सारखीच!

३० चा फंडा

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. समोर अचानक मूल आलं, की मेंदूने ‘ब्रेक!’ म्हणून पाय हलेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ५० च्या वेगाने गाडी त्या एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे गेलेली असते. ३० च्या वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण १३ ते १४ मीटरमध्ये पूर्ण थांबते. म्हणजे ३० वाला जिथे थांबला, तिथे ५० वाल्याने अजून ब्रेकच दाबलेला नाही. फरक २० चा वाटतो, पण तो जगण्या-मरण्याचा आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात म्हटलंय, की जिथे पायी चालणारे आणि गाड्या एकत्र येतात तिथे कमाल वेग ३० असावा. वेल्सने तर सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैल, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर हीच मर्यादा केली.

आपला आकडा काय? केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते. दिवसाला सरासरी ९०. हे सगळे हायवेवरच गेले, असं समजायचं कारण नाही.

बोर्ड नको, रस्ताच बोलू दे

माणूस बोर्ड वाचून नाही, रस्ता वाचून गाडी चालवतो. रुंद, सरळ, गुळगुळीत रस्ता दिसला की उजवा मनगट आपोआप पिळला जातो. रस्ता अरुंद झाला, वळण घट्ट असलं, समोर झाड आलं, की तोच माणूस न सांगता हळू होतो.

हे नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातल्या लोकांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी करून दाखवलं. गल्लीत झाडं, बाक, फरशा अशा मांडल्या की गाडीला नागमोडी, चालण्याच्या वेगानेच जावं लागेल. अशा गल्लीला ‘वूनर्फ’ म्हणतात, म्हणजे राहण्याचं अंगण. १९७६ मध्ये डच सरकारने कायद्यात त्याला जागा दिली. त्यामागे दुःखही होतं. १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात ४०० हून जास्त मुलं रस्त्यावर गेली होती. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नाव होतं ‘स्टॉप दे किंडरमोर्ड’, म्हणजे ‘मुलांच्या हत्या थांबवा’. स्टॉप हा शब्द तिथे पत्र्यावर नाही, लोकांच्या तोंडी आला आणि मग रस्ते बदलले.

अंगण हा शब्द आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. वाड्यांच्या पेठा घ्या किंवा दादरची हिंदू कॉलनी, आपल्या जुन्या वस्त्यांत गल्ली हे अंगणच होतं. पोरं तिथेच खेळली, गणपतीचे मांडव तिथेच पडले.

१९ सेकंदांचा हिशोब

आता खरा मुद्दा. गल्लीतून सुसाट जाणारे ‘ते लोक’ कोण? मेन रोडला ट्रॅफिक जॅम, साडेनऊचं लॉग-इन, मॅप अॅप सांगतं ‘डावीकडे वळा’, आणि आपण कुणाच्या तरी कॉलनीत घुसतो. आपल्या गल्लीत आपण रहिवासी, दुसऱ्याच्या गल्लीत आपणच शॉर्टकट! संध्याकाळी अर्जावर सही करणारा आणि सकाळी पलीकडच्या कॉलनीत हॉर्न वाजवणारा बऱ्याचदा एकच असतो.

आणि या शॉर्टकटात कमाई किती? ४०० मीटरची गल्ली ५० च्या वेगाने २९ सेकंदांत संपते. ३० च्या वेगाने ४८ सेकंद लागतात. फायदा १९ सेकंदांचा. ऑफिसच्या लिफ्टसमोर आपण याहून जास्त वेळ उभे असतो.

तुमच्या गल्लीसाठी होमवर्क

- आधी मोजा. रस्त्याच्या कडेला ५० मीटर अंतरावर खडूच्या दोन खुणा करा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. सहा सेकंदांपेक्षा कमी वेळात गाडी गेली तर वेग ३० च्या वर. चार सेकंदांच्या आत गेली तर प्रकरण गंभीर!
- कॉर्नर मोकळा करा. वळणावर पार्क केलेली गाडी हलवली, की दोन्हीकडचं दिसतं. याला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त शेजाऱ्याशी गोड बोलावं लागतं.
- अर्जात ‘बोर्ड लावा’ एवढंच लिहू नका. ‘वेग ३० च्या आत आणा’ असं लिहा आणि मोजलेले आकडे जोडा. मापातला स्पीडब्रेकर, उंच केलेलं झेब्रा क्रॉसिंग, गल्लीचं तोंड अरुंद करणं, चौकात छोटं वर्तुळ, हे पर्याय सुचवा. अर्ज महापालिकेच्या रस्ते विभागाला आणि वाहतूक पोलिसांना, दोघांनाही द्या.
- चौकात खरंच आडव्या गाड्या भिडत असतील, तर स्टॉपचा बोर्ड जरूर मागा. सोबत रस्त्यावर ठळक थांबारेषाही मागा.

आणि हे सगळं मंजूर व्हायला वेळ लागेल, तोवर काय? उद्या सकाळी दुसऱ्याच्या गल्लीत शिरताना काटा ३० वर आणा. खर्च १९ सेकंद. तेवढ्यात एक रीलसुद्धा धड बघून होत नाही!